बोचक्याचं वैर

मी कापडाचा माणूस बोलतोय. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासात माणसं एकमेकांना जमिनीवर लोळवून हात-पाय अडकवायला शिकतात. तिथल्या कोपऱ्यात बसवलेला सरावाचा पुतळा म्हणजे मी. सगळे मला बोचकं म्हणत. माझ्या पोटात चिंध्या आहेत, दयामाया नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला जन्म दिला टेलरबाईंनी. चाळिशी उलटल्यावर त्या क्लासला यायला लागल्या. शिकवणारे सर वर्षभर पुतळा आणायचं नुसतं बोलत होते. शेवटी बाईच म्हणाल्या, "सर, मी शिवून आणते की." दुकानातली कातरणं ठासून भरली, जाड निळ्या कापडाचं अंग केलं. पंजे शिवायला मात्र त्यांना वेळ झाला नाही. माझे हात मनगटापाशीच संपले.

त्यामुळे मला टॅप करता येत नाही. टॅप म्हणजे, हात अडकला आणि सोसवेना की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. थोपटलं की त्याने तिथल्या तिथे सोडायचं. सरांनी भिंतीवर पाटीच लावली होती: टॅपनंतर धरून ठेवणाऱ्याला इथे जागा नाही.

क्लासात एक दातांचे डॉक्टर येत. उंचेपुरे, नखं स्वच्छ, जिभेवर साखर. सराव करायला त्यांना मी फार आवडायचो, कारण मी थोपटत नाही. त्यांनी माझा खांदा दोनदा उसवला. बाईंनी दोन्ही वेळा शिवून टाकला.

मग एका शनिवारी सरावात त्यांनी बाईंचा हात अडकवला. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. बाईंनी त्यांच्या मांडीवर दोनदा थोपटलं, चांगलं जोरात. डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं. पाहिलं, आणि मग आणखी ताणलं. बाईंचं कोपर कट्कन वाजलं.

"अरेरे, मला जाणवलंच नाही," डॉक्टर म्हणाले. "ताई, टॅप जरा आधी करायचा असतो."

सरांनीही मान डोलावली. नवीन माणसांचं असंच होतं, म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. खरं काय ते मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

तीन आठवडे बाईंना कात्री धरता आली नाही. नवरा कापड कापायचा आणि वाकडंतिकडं कापायचा. चौथ्या सोमवारी त्या क्लासच्या तासभर आधी आल्या, आडव्या पडल्या आणि मला छातीवर बसवून म्हणाल्या, "बोचक्या, मला त्याच्याकडून एकच वाक्य हवंय."

वाक्य? मी मनात चरफडलो. मला हाड हवं होतं.

मंगळवारी डॉक्टर माझ्यावर सराव करत होते आणि बाई भिंतीशी बसून बघत होत्या. छातीवर बसले की डॉक्टर उजवा हात सरळ ताठ करून माझ्या गळ्यावर दाबायचे. मला पंजेच नाहीत, तो हात धरणार कोण? ही सवय त्यांना माझ्यामुळेच लागली होती. बाईंच्या ते ध्यानात आलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

मग रोज तेच. माझा हात दोन्ही हातांनी धरायचा, कूस बदलायची, पाय माझ्या चेहऱ्यावरून टाकायचा, कंबर उचलायची. बुधवारी पाय नाकावरच अडकला. गुरुवारी त्यांचंच कोपर इतकं दुखलं की माझ्या अंगाला पाठ लावून त्या बसून राहिल्या. शुक्रवारी माझा हात खांद्यापासून निघून आला. माझा जीव सुखावला.

शनिवारी बाई स्वतःच डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या.

"बरं आहे का कोपर?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरं आहे."

चौथ्या मिनिटाला डॉक्टर छातीवर बसले आणि हात गळ्यावर आला. बाईंनी तो धरला. पाय तोंडावरून गेला, हात सरळ झाला. डॉक्टरांनी थोपटलं. बाईंनी आणखी ताणलं नाही, पण सोडलंही नाही.

"टॅप जाणवला मला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझा तुम्हाला जाणवला होता का?"

डॉक्टरांनी पुन्हा थोपटलं. सर धावले. सगळे थांबले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, ताणा, बाई, ताणा.

"जाणवला होता," डॉक्टर म्हणाले. खोलीतल्या प्रत्येकाने ऐकलं.

बाईंनी त्याच क्षणी हात सोडला.

सर पाटीकडे वळले. मग म्हणाले, "ताई, तुम्हीही टॅपनंतर धरून ठेवलंत."

"हो सर. बॅग आवरूनच आलेय."

"डॉक्टर, तुम्हीही आवरा," सर खाली मान घालून म्हणाले.

बाईंनी जाता जाता मला काखोटीला मारलं. आता मी त्यांच्या दुकानात, शिलाई मशीनशेजारी असतो. माझ्या खांद्यात टाचण्या खोचलेल्या असतात. बाईंचा हात पुन्हा कात्रीवर बसलाय. परवा त्यांनी अस्तराच्या कापडाचे दोन पंजे शिवून मला लावले. "झालं की नाही आता, बोचक्या?" म्हणाल्या. त्यांचं झालं. माझं नाही झालं.

म्हणून तुम्हाला विनवतो. कधी दाढ ठणकली आणि नेमके त्या डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन पडलात, तर ते गोड आवाजात सांगतील, "दुखलं की हात वर करा, मी लगेच थांबेन." करा हात वर. थांबले, तर माझं वैर तिथेच मिटलं. नाही थांबले, तर त्यांचं बोट त्या वेळी तुमच्याच दातांमध्ये असेल, एवढं लक्षात ठेवा.