बोटीवर बघण्याचा कार्यक्रम

लतामावशींनी २००४ पर्यंत जर्मनीत पाच लग्नं जुळवायला घेतली होती आणि पाचही फिसकटली होती. त्यांच्या हिशेबी कारण एकच: ऐन रंगात कुणीतरी ‘माझी ट्रेन आहे’ म्हणून उठतं. म्हणून शुभाच्या, म्हणजे भाचीच्या वेळी त्या इंगोलश्टाटहून थेट आल्प्समधल्या एका तळ्यावर आल्या. तिथे शंभर वर्षांची आगबोट अजून वाफेवर चालायची. फेरी दीड तासाची. पाण्यातून कोण उठून जाणार?

शुभाने बजावलं होतं, “मावशी, हे शेवटचं. यानंतर विषय काढायचा नाही.” ती आखनला पीएच.डी. करत होती, मुलगा, भास्कर, नेकारसुल्मला इंजिनं तपासायचा. दोघंही मेकॅनिकलची, याचाच मावशींना केवढा आनंद. चूक झाली ती तिथेच.

बोटीच्या मधोमध नुसता कठडा, आणि खाली उघडं इंजिन. मावशी पोह्यांचा डबा उघडेपर्यंत दोघं कठड्यावर ओणवी. पंचवीस मिनिटांत मुलाने मुलीकडे एकदाही पाहिलं नाही. मावशी घड्याळ लावून बसल्या होत्या.

“अहो, जरा बघून या ना,” त्यांनी नवऱ्याला ढोसलं.

वासुदेवराव जाऊन आले. “भांडतायत.”

“कशावरून?”

“तो म्हणतो, मोठं सिलिंडर जास्त काम करतं. ही म्हणते, लहानातली वाफच मोठ्यात जाते, काम दोघांचं सारखंच. मी पहिल्या भेटीत काय विचारलं होतं गं?”

“स्वयंपाक येतो का. मी हो म्हटलं, ते तुम्ही अजून पचवताय.”

शेवटी मावशी स्वतः गेल्या. “शुभा, त्यांना छंद विचार.”

“थांब गं, हे आकडेच चुकीचे धरतायत.”

“तुम्ही दाब विसरताय,” भास्कर म्हणाला.

इंजिनवाल्या म्हाताऱ्याने दोघांनाही “गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणून भांडण वाढवलं, आणि वरून दोघांना खाली इंजिनापाशी बोलावून घेतलं.

बोट धक्क्याला लागली. सहावंही गेलं, असं धरून मावशी उतरल्या. वळून पाहतात तर दोघं अजून इंजिनापाशीच. शुभाच्या कपाळाला वंगण, भास्करच्या हातात तेलाची बुधली.

“अगं उतर, बोट निघेल.”

“निघू दे. यांना पटेपर्यंत मी उतरत नाही.”

“आणि नाहीच पटलं तर?”

शुभाने भास्करकडे पाहिलं. दिवसभरातलं ते पहिलंच पाहणं.

“तर पुढचा शनिवार आहेच,” तो म्हणाला.

बोटीच्या कडेची चाकं पाणी कापायला लागली. मावशींनी धक्क्यावरूनच त्याच्या आईला पुण्याला फोन लावला आणि सुरुवातच केली, “विहीणबाई, बसलाय ना?”