मिरच्यांच्या माळेमागची डावी ढाल

“स्ताना, पोरगी निघायच्या दिवशी दोरीवर काही वाळत घालत जाऊ नकोस गं. राहून जातं!” शेजारच्या देसाकाकू कठड्यावरून ओरडून सांगत होत्या. मी त्याच दोरीवर लोंबकळत होते आणि मनातल्या मनात हसत होते. मला कोण विसरणार? नेदा एक वेळ पासपोर्ट विसरेल, मला नाही.

मित्रांनो, मी एक जुनी नडगीची ढाल आहे. मैदानावर मला शिनगार्ड म्हणतात. जोडीतली मी डावी. फुटबॉल खेळणाऱ्याच्या मोज्यात राहायचं आणि समोरच्याच्या बुटाचा मार आपल्या अंगावर घ्यायचा, एवढंच माझं काम. देखणी मी कधीच नव्हते. आमच्या जवळच्या लेस्कोवात्स शहराच्या बाजारात बादल्या आणि झारे विकणाऱ्या दुकानातून स्तानाने आम्हा दोघींना लेकीसाठी घेतलं. आतलं अस्तर इतकं खरखरीत होतं, की नेदाच्या नडग्या सोलवटून निघाल्या. स्तानाने ते उचकटून काढलं आणि जुन्या लोकरी पांघरुणाचे तुकडे आत शिवले. टाके वाकडेतिकडे आले. येईनात का! कारखान्याने मला आकार दिला असेल, जीव स्तानाने घातला.

नेदा मधल्या फळीत खेळायची. पुढच्या खेळाडूंचे फोटो छापून येतात, गोलरक्षकाला लोक खांद्यावर घेतात. मधली मात्र दोन्हीकडे धावते आणि दोन्हीकडून लाथा खाते. त्या सगळ्या लाथा मी ओळखते. गावातले म्हातारे पारावर कॉफी पीत बसलेले असायचे. एकदा एकाने हटकलं, “काय गं, पोरीच्या जातीने चेंडूमागे पळायचं?” नेदा थांबलीसुद्धा नाही. “काका, तुम्ही बसून दमलात. मी पळून दमले नाही अजून!”

आमच्याकडच्याच नीश शहराच्या संघातून ती स्लोव्हेनियात गेली आणि तिथून हंगेरीत. भाषा बदलल्या, जेवण बदललं, प्रशिक्षकांच्या शिव्याही बदलल्या. मी तीच राहिले. आजकालच्या खेळाडू पत्त्याएवढ्या चिमुकल्या ढाली घालतात, तीच फॅशन आहे म्हणे. हंगेरीतली तिची सोबतीण बोरी मला पाहून खो खो हसली होती. “हे काय गं, परातीचा तुकडा?”

“परातच आहे,” नेदा म्हणाली. “तुझी काडेपेटी तुलाच लखलाभ.”

आता आमच्याकडची एक रीत सांगते. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की त्याच्या मागे उंबऱ्यावरून पाणी ओततात. वाट पाण्यासारखी सरळ वाहत जावी म्हणून. आणि एकदा पाणी ओतलं, की जाणाऱ्याने मागे फिरायचं नाही आणि घरच्यांनी हाक मारायची नाही. स्ताना मातीच्या चंबूतून पाणी ओतायची आणि नेदा बस पकडायची. कितीदा तरी झालं असेल असं.

त्या वर्षी नेदा सुट्टीवर आली तेव्हा मिरच्यांचा हंगाम होता. आमच्या गावात तेव्हा घरांच्या भिंती दिसतच नाहीत, नुसत्या लाल माळा दिसतात. स्तानाने आम्हा दोघींना धुऊन दोरीवर टाकलं. उजवी पुढे होती, ती पिशवीत गेली. मी माळांच्या मागे अडकले होते. स्तानाने पाणी ओतलं, नेदा निघाली. मग वारा आला, माळा हलल्या आणि मी स्तानाला दिसले.

नेदा अजून वळणावरच्या थांब्यावर उभी होती.

“अगं, मार ना हाक!” देसाकाकू ओरडल्या. “उभीच आहे ती!”

“पाणी ओतलंय, देसा.”

“ओतलंय तर ओतलंय!”

“मागे फिरवू तिला? उलटं व्हायचं काहीतरी. टपालाने पाठवीन मी.”

ढालीला ओरडता येत असेल तेवढी मी ओरडले. बस आली आणि गेली.

मी टपालात पडायच्या आतच, त्याच आठवड्यात, हंगेरीत सामना झाला; पुढचं मला नेदाच्या तोंडून कळलं. नेदाने डाव्या पायाला बोरीची काडेपेटी बांधली. चेंडू मधोमध उसळला, नेदा आणि समोरच्या संघातली एक अशा दोघी एकदमच झेपावल्या आणि नेदाच्या डाव्या नडगीचं हाड मोडलं. मी असते तर मोडलं नसतं, असा तोरा मी मिरवणार नाही. डॉक्टरही म्हणाले, की तसा घाव कुठल्याच ढालीला पेलला नसता. स्तानाने ते ऐकलं आणि मान हलवली. पटलं मात्र नाही तिला.

संघाने फुलं पाठवली. पुढच्या हंगामाचा करार पाठवला नाही.

नेदा घरी आली. पायाला प्लास्टर, समोर मिरच्यांचा ढीग. पारावरचे काका येऊन म्हणाले, “झालं ना खेळून? आता ओव मिरच्या गुपचूप.”

“ओवते की,” नेदा म्हणाली. “मोडलाय तो पाय. आणि तोही भरून येतोय, त्याची काळजी करू नका तुम्ही.”

सगळं गाव तिच्या पायाची विचारपूस करून गेलं. कुणी चीज भरलेली पिटा भाजून आणली, कुणी हाडं जुळायला मटणाचं सूप आणलं. उंबऱ्यात उभ्या असलेल्या स्तानाला कुणी काही विचारलं नाही. विचारलंच तर ती पटकन म्हणायची, “मी बरी आहे.” मी बघत होते ना. चंबू तिने तळघरात पालथा घातला होता. माझे चांगले घट्ट टाके ती उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा उसवायची.

पुन्हा मिरच्या लाल झाल्या तोवर नेदा धावू लागली होती. इटलीच्या दक्षिणेकडच्या एका लहान संघाने तिला चाचणीसाठी बोलावलं. निघायच्या दिवशी पोरीने काय करावं? मला ओलं केलं आणि स्वतःच्या हाताने त्याच माळांमागे टांगलं! माझं तर पाणी पाणी झालं.

फाटकाशी जाऊन ती उभी राहिली. “आई, चंबू आण.”

“नाही ओतायचं मला.” आवाज आतून आला.

“मग मी इथेच उभी.”

“बस जाईल तुझी.”

“जाऊ दे. इटलीही जाऊ दे.”

मग तळघराचं दार करकरलं. स्ताना चंबू घेऊन आली आणि तिने पाणी ओतलं. नेदा चालू लागली. थांब्यापाशी पोचली, पिशवीत हात घातला आणि तिथूनच ओरडली, “आई, काही राहिलंय का गं माझं?”

स्तानाने माळा बाजूला केल्या. मला पाहिलं. मला दोरीवरून ओढलं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं, की अस्तरातून तिचे ठोके मला ऐकू येत होते. देसाकाकू या वेळी कठड्यावरून नुसत्या वाकून बघत होत्या.

“नेदाsss!” स्ताना ओरडली. “मागे फिर!”

नेदा ओल्या पायरीवरून उड्या मारत आली. आईच्या हातातून तिने मला घेतलं, तिथेच बसून डाव्या मोज्यात घातलं आणि उठून म्हणाली, “फिरले की नाही मागे? बघ, दोन्ही पायांवर उभी आहे.”

“चहाटळ कुठली! पळ आता,” स्ताना रडत रडत हसली आणि तिने चंबूत उरलेलं पाणीही तिच्या मागे ओतलं.

इटलीने तिला घेतलं. पुढे सायप्रसमध्ये कर्णधाराची पट्टी मिळाली. त्याच मैदानावर एका लाथेने मी उभी चिरले, पण तिची नडगी मी शाबूत ठेवली. “टाक ती कचऱ्यात,” मैत्रिणी म्हणाल्या. नेदाने मला घरी आणलं. उंबऱ्याशेजारच्या खिळ्यावर मी आज आहे. मोडीत निघाले असं कुणी म्हणू नये. सामना लागला, की स्ताना मला मांडीवर घेते आणि सबंध वेळ फक्त लेकीचा डावा पाय बघते.

मित्रांनो, फोन आजही येतात. “नेदाचा पाय काय म्हणतो?” सगळे पायाचंच विचारतात. तुमच्याही ओळखीतलं कुणीतरी दूरदेशी गेलं असेल. त्याची खबर तुम्ही घेतच असाल. पण तो निघाला तेव्हा दारात जी उभी होती, तिच्याकडे आज एकदा जाऊन या. “मी बरी आहे,” असं ती पटकन म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. थोडं बसा तिच्यापाशी.