चार बोटांची फट

माझी धाकटी बहीण फ्रोनी लहानपणापासून नियमाची पक्की. आई म्हणायची, या पोरीला स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी आधी उंबरा पुसेल आणि मगच आत जाईल. अशा बाईच्या पदरी नवरा पडला योस्ट, ज्याला प्रत्येक गोष्टीत "का?" विचारल्याशिवाय घास उतरत नसे. तरी त्यांचं छान चाललं होतं. तो चेष्टा करायचा, ती तोंड फिरवून हसायची.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या कोठारावर वीज पडली. खाली घोडे बांधलेले होते. त्यांचा थोरला आमोस, नुकती मिसरूड फुटलेला पोरगा, घोडे सोडवायला आत धावला तो बाहेर आलाच नाही.

आमच्या आमिश पंथाच्या मंडळींची एक रीत चांगली आहे, ती मी नाकारणार नाही. पुरुष हत्यारं घेऊन आले, आम्ही बायकांनी पातेलीच्या पातेली रांधली आणि सगळ्या खोऱ्यानं मिळून नवं कोठार उभं करून दिलं. पण पुढच्या वसंतात योस्टनं एका इंग्रज (पंथाबाहेरच्या सगळ्यांना आम्ही इंग्रजच म्हणतो) फेरीवाल्याकडून लोखंडी सळई घेतली आणि कोठाराच्या आढ्यावर बसवली. वीज म्हणे त्या सळईतून सरळ जमिनीत उतरते.

बिशप टोबियास समजवायला आले तेव्हा मी तिथंच शेंगा सोलत बसले होते.

"योस्ट, देवाला वीज पाडायची असेल तर तुझी काठी त्याचा हात धरणार आहे का?"

"पाऊसही तोच पाडतो, बाबा. मग तुमच्या घरावर छप्पर कशाला?"

"तोंड आवर. हा अविश्वास आहे."

"तुमचा पोरगा जळाला असता तर असं बोलला असतात का?"

दोनदा बजावून झालं, पण सळई निघाली नाही. मग मंडळींनी त्याला वाळीत टाकलं. वाळीत टाकलेल्याशी बोलायला हरकत नसते. पण त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातातून काही घ्यायचं नाही. त्यानं वस्तू खाली ठेवायची, मग आपण उचलायची. बायकोलाही सूट नाही. अंथरूणसुद्धा वेगळं.

दार लावल्यावर कोण बघतंय, असं म्हणून पुष्कळ बायका थोडं इकडंतिकडं करतात. फ्रोनीनं केलं नाही. तिनं माळ्यावरून एक लहान टेबल काढलं, आपल्या टेबलाशेजारी लावलं आणि मधे चार बोटांची फट ठेवली.

"अगं, जोडून तरी टाक," मी म्हटलं. "वर एकच चादर घातलीस तर कुणाला दिसणार आहे?"

"देवाला."

"राहू दे, लेना," योस्ट आपल्या टेबलावरून म्हणाला. "मी दोन बोटांवर सौदा करून पाहिला. बाई ऐकत नाही. बटाट्यांचं भांडं माझ्या बाजूला आलं, तेवढ्यावर समाधान मानतोय."

फ्रोनी हसली नाही. तो बाहेर गेल्यावर मी तिला चांगलीच फैलावर घेतली. नवरा आहे तो तुझा, म्हटलं, कुत्र्यालासुद्धा आपण हातानं भाकरी देतो.

"नवरा आहे म्हणूनच," ती म्हणाली. "आमोस वर गेलाय. आज ना उद्या मीही जाईन. हा असाच राहिला तर आम्हाला कधीच भेटायचा नाही. मी ढिली पडले तर हा कशाला वळेल गं?" आणि कमरेला बांधलेलं फडकं तोंडाला लावून रडायला लागली. एवढं प्रेम आणि त्याची ही असली तऱ्हा! मला तेव्हा तिचा राग आला होता, अजूनही येतो.

गव्हाची कापणी आटोपली आणि खोऱ्यात पोटाच्या दुखण्याची साथ आली. ताप, जुलाब, रक्त. घरटी कुणी ना कुणी पडलं. घरोघरी पाळीनं भरणाऱ्या प्रार्थनेच्या सभा बंद झाल्या, खुद्द बिशप अंथरुणाला खिळले. फ्रोनीला कणकण आली तशी तिनं आपल्या धाकट्या लेकीला, सलोमेला, माझ्याकडं पाठवून दिलं. पण माझ्याच घरी नवरा आणि सासू दोघं आडवे, मला तिकडं जायला सवड होईना. त्या दिवसांत तिच्या घरात ती आणि योस्ट, दोघंच होती.

नवरा जरा उठून बसायला लागला तशी मी धावत गेले. योस्ट पलंगापाशी उभा होता. दाढी पिंजारलेली, डोळे आत गेलेले. पलंगाजवळच्या स्टुलावर पाण्यानं भरलेला पेला होता, आणि खालची जमीन सगळी ओली होती.

"माझ्या हातून घेत नाही," तो म्हणाला. "स्टुलावर ठेव म्हणते. ठेवतो. मग तिला उचलता येत नाही, सांडतं. पुन्हा भरतो. कालपर्यंत थोडंतरी जात होतं पोटात."

"तोंडात का नाही ओतलंस?"

"मान फिरवते गं."

दाराशी ती सळई पडली होती, खिळ्यांसकट उपटलेली. त्यानं आढ्यावर चढून ती काढून आणली होती आणि तिला दाखवली होती. बघ, काढली, आता तरी घे. ती म्हणाली होती, मंडळींना बघू दे, त्यांच्यापुढं गुडघे टेक, मग घेईन. आणि मंडळी तर घरोघरी आडवी पडलेली.

मी तिची मान उचलून पेला ओठांना लावला. गटागटा प्यायली. दुसराही प्यायली. तिसरा मी भरत होते तेव्हा तिनं योस्टकडं पाहिलं आणि म्हणाली, "रागावू नको. गुडघे टेक हं. आमोस आणि मी वाट बघतो." संध्याकाळी ती गेली.

साथ ओसरल्यावर पहिली सभा माझ्याच घरी भरली. योस्ट आला आणि सगळ्यांच्या मधोमध गुडघे टेकून बसला. टोबियास काठीच्या आधारानं उभे राहिले. कबुली घ्यायची, त्याचा हात धरून उठवायचं, गालाचं चुंबन घ्यायचं, की झाला तो पुन्हा आमचा. बायकांच्या बाकावर आम्ही सगळ्याच रडत होतो.

"योस्ट, आपलं पाप कबूल करतोस?"

"करतो," योस्ट म्हणाला. "माझी बायको तहानलेली होती आणि मी पाणी स्टुलावर ठेवलं. तिची मान धरून जबरदस्तीनं पाजायला हवं होतं. मी तुमचं ऐकलं. हे माझं पाप."



"अरे, सळईचं बोल," टोबियास अगदी हळू म्हणाले. त्यांचा आवाज विनवणीचा होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "एवढंच म्हण, योस्ट. तिच्यासाठी तरी म्हण."

"सळई काढली मी. तिच्यासाठीच काढली. पण ते पाप होतं असं मला वाटत नाही, आणि खोटं बोलून तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो तर ती मला तिथंही वेगळंच टेबल मांडेल."

टोबियासांनी पुढं केलेला हात मागं घेतला. योस्ट बराच वेळ गुडघ्यांवर होता. शेवटी एका हातानं बाक धरून स्वतःच उठला आणि निघून गेला.

त्याला अजून वाळीतून काढलेलं नाही. सलोमेला घेऊन तो रविवारी दुपारी माझ्याकडं जेवायला येतो आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसतो. माझा नवरा खिडकीबाहेर बघतो, सासू माझ्याकडं बघत राहते. जेवण झालं की योस्ट ताट घेऊन उठतो आणि आमच्या टेबलावर ठेवायला वाकतो. मी जाते, हात पुढं करते आणि ते त्याच्या हातातून घेते.