नऊ नंबरचा काळा धागा

मी नऊ नंबरचा धागा बोलतोय. सुरतेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या खणात, काचेच्या डबीत मी पडून आहे. लांबीला वीतभर, जाडीला केसाहून बारीक आणि रंगाने काळा. डबीवर चिठ्ठी चिकटवली आहे : 'वापरू नये.'

मी सुताचा नाही, रेशमाचाही नाही. मी कार्बनच्या नळ्यांचा आहे. त्या इतक्या बारीक असतात, की माझ्या एवढ्याशा अंगात किती आहेत ते मलाही सांगता येणार नाही. भट्टीत वायू तापवला, की पट्टीवर त्या गवतासारख्या दाट उगवतात. इथे संशोधन करणाऱ्या धनश्रीने चिमट्याने त्या गवताची कड धरून हलकेच ओढली. एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी अशा नळ्या निघत गेल्या आणि आम्ही दहा धागे जन्मलो.

आमची एकेक नळी मोठी चिवट. तेवढ्याच जाडीची पोलादाची तार असती, तर ती कितीतरी आधी तुटली असती. नळीला वाकवलं तर सरबताच्या नळीसारखी मोडल्यागत दिसते, पण सोडली की पुन्हा सरळ होते. तरी धागा म्हणून आम्ही कच्चे. आतल्या नळ्या शेजारी शेजारी असतात, पण एकमेकींना धरून नसतात. ताण आला की नळ्या एकमेकींवरून सरकतात. लोक म्हणतात, धागा तुटला. खरं तर आत कोणीच तुटलेलं नसतं. सगळ्यांनी एकमेकांना सोडलेलं असतं.

धनश्री शहरातल्याच एका मराठी वस्तीतून, डिंडोलीहून यायची. कमी बोलायची. सकाळी आल्यावर एका धाग्याची दोन्ही टोकं यंत्राच्या चिमट्यांत अडकवायची आणि पडद्यावर चढणारी ताणाची रेघ बघत बसायची. रेघ थोडी चढायची आणि धपकन खाली यायची. मग ती वहीत लिहायची, डबा उघडायची आणि एकटीच जेवायची. पलीकडच्या टेबलावर मुलंमुली गुजरातीत हसत-खिदळत असायची. तिला कोणी बोलावलं नाही असं नाही. तीच गेली नाही.

पाच धागे असे गेले. सहाव्याला, सातव्याला आणि आठव्याला तिने गोंदासारखं रसायन लावून पाहिलं. तेही गेले. तेव्हा तिच्या मार्गदर्शक विजया मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"धनश्री, या महिन्यात धाग्याच्या ताकदीचा आकडा वर गेला नाही, तर मशीन दुसऱ्या गटाला द्यावं लागेल. आपण तुझा विषय बदलू. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही मॅडम," ती म्हणाली. दोन वर्षांची मेहनत होती. मॅडम गेल्यावर ती बराच वेळ आमच्या डबीचं झाकण उघडत आणि लावत राहिली. आता आम्ही दोघेच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती डबा घरी विसरली. तिचे वडील वाल्मिकआबा लिंबायतमधल्या ट्विस्टिंगच्या कारखान्यात वीस वर्षं आहेत. तिथे यंत्रावर धाग्याला पीळ देतात. पाळी सुटल्यावर ते डबा घेऊन पहिल्यांदाच कॉलेजात आले. चपला दाराबाहेर काढून ठेवल्या.

"आबा, चपला घाला. इथं चालतं."

"ऱ्हाऊ दे." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घरच्या बोलीत थट्टेने म्हणाले, "इतलं शिकीसन शेवट दोराच वढी राहिनी का तू? मंग मनासंगेच यावं ना कारखानामा."

धनश्री कसनुसं हसली. पडद्यावर आठ नंबरच्या तुटल्या टोकाचा मोठा केलेला फोटो होता. आबा त्याच्याजवळ गेले, हात पाठीमागे बांधून.

"हाऊ तुटेल नही शे, बेटा. सरकेल शे. टीपीएम किती?"

धागा तुटला नाही, सरकला आहे, हे त्यांनी नुसत्या फोटोवरून ओळखलं होतं. धनश्रीने चमकून पाहिलं. टीपीएम म्हणजे एका मीटरला किती पीळ. हा शब्द तिने पुस्तकात पाहिला होता, आबांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. घरी ती त्यांना त्यांच्या कामाचं काही विचारत नसे आणि ते तिच्या.

"पीळ नाही दिला. आम्ही रसायन लावतो."

"बिनपियना दोरा सरकीच. थोडाच देवाना. जास्ती व्हयना ते सोताच तुटी जास."

पीळ नसलेला दोरा सरकणारच, असं म्हणत त्यांनी मला डबीतून उचललं. अंगठा आणि तर्जनी जिभेला लावली आणि माझं टोक फिरवलं. वीस वर्षांची सवय होती ती. त्यांची बोटं धाग्याने घासून गुळगुळीत झाली होती, त्यांना तंबाखूचा आणि तेलाचा वास होता. माझ्या आत नळ्या एकमेकींवर आवळल्या गेल्या. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मला शेजार जाणवला.

"आबा, थुंकी लावली तुम्ही," धनश्री म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला असेल. "नमुना खराब झाला. दोनच राहिले होते."

पलीकडचं हसणं थांबलं. आबांनी मला जपून डबीत ठेवलं. "चुकनं बेटा," ते म्हणाले आणि डबा टेबलावर ठेवून चपला हातात घेऊनच निघून गेले.

तिने माझ्या डबीवर ती चिठ्ठी लावली. पण दोन दिवसांनी तिने दहा नंबरला स्वच्छ सुईने पीळ दिला. थोडाच. यंत्र सुरू केलं. रेघ आधीच्या आठही धाग्यांच्या खुणा ओलांडून चढतच गेली, दुपटीच्याही वर. दहा नंबर शेवटी तुटला, पण सगळ्यांना धरून तुटला.

विजया मॅडमनी दोनदा आकडा तपासला. "विषय राहिला तुझा. पिळाचं कसं सुचलं?"

खोलीत सगळे ऐकत होते. धनश्रीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"वाचलं होतं मॅडम. पुस्तकात."

तेव्हा तिचा फोन वाजला. मॅडम वळल्यावर तिने तो उचलला. आबांचा आवाज डबीपर्यंत आला.

"बेटा, तो दोरा... मनामुये तुनं काम गयं का?"

"नाही आबा. झालं काम."

"मंग दुसरा दोरावर व्हयनं व्हई."

"हो."

आपण बिघडवलेला सोडून दुसऱ्या दोऱ्यावर काम झालं, असं धरून त्यांनी फोन ठेवला.

याला तीन महिने झाले. नवे धागे येतात, पीळ घेतात, वहीत जातात. मी कुठल्याच वहीत नाही. खण उघडला की धनश्री मला पाहते आणि हात दुसरीकडे नेते.

धनश्री, मला वहीत घालू नकोस. थुंकी लागलेला नमुना मोजायचा नसतो, ते मलाही पटतं. पण अजून त्या माणसाला वाटतंय, की त्याने तुझा धागा बिघडवला. आज घरी जेवायला बसाल, तेव्हा सांग त्यांना, दोरा खराब झाला नव्हता, तुमचा पीळ बरोबरच होता. तेवढं सांग, आणि उद्या मला खुशाल चिमट्यात अडकवून तुटेपर्यंत ओढ.