जोंधळीची तिसरी खेप

मी लई दमलेली बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मग कुणी माझ्याकडून मर्दुमकीच्या गोष्टी ऐकायला बसायचं न्हाई. त्या दिवशी सकाळी उठले तवाच कंबर धरली होती, लगाम धरून धरून बोटं वळत नव्हती, आन् डोक्यात एकच भुंगा. आज जोंधळीनं स्पर्धा पुरी केली न्हाई, तर ती बंडेप्पाकडं जाणार.

बंडेप्पा कलबुर्गीचा. लग्नाच्या वरातीला घोड्या देतो. माणूस वाईट न्हाई, पण त्याच्या घोड्या मी बघितल्यात. तोंडावर झालर, कानापाशी बँड, पाठीवर नवरदेव, आन् रस्त्यात खोळंबून उभ्या. जोंधळीसारखी घोडी तिथं चार महिन्यांत विझून जाईल. तिला सुटं पळायला लागतंय.

घोडी लिंगराज अण्णांची. हुमनाबादला त्यांची डाळमिल, दुबलगुंडीला शेत आन् शेतातच तबेला. माझे आप्पा, अंकुशराव, फौजेत घोडेस्वार होते. रिटायर झाले ते थेट अण्णांच्या तबेल्यावर आले, आन् त्यांच्या मागं मी. माळेगावच्या जत्रेतून अण्णांनी ही शिंगरी आणली ती निव्वळ हौसेपायी. जोंधळ्याच्या दाण्याचा रंग, म्हणून नाव जोंधळी. एक दिवस ती आपल्या आपण पाण्याचा पाट उडून पल्याड गेली, आप्पांनी बघितलं, आन् माझ्या नशिबाला इव्हेंटिंग लागलं.

इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याच्या तीन परीक्षा. आधी मैदानात शिस्तीत चालून दाखवायचं. मग रंगीत दांड्यांवरून उड्या. आन् शेवटी उघड्या माळावरची दौड, वाटेत ओंडके, खड्डे, पाणी, जे येईल ते ओलांडायचं. माळावर घोडा तीनदा अडला, न्हाईतर स्वार पडला, की बाद, घरला चला.

जोंधळी दोन वर्षांत दोनदा बाद झाली. एकदा पाण्याला बिचकली. दुसऱ्यांदा ती गेली पलीकडं आन् मी राहिले अलीकडं, चिखलात. तवा अण्णा म्हणले, "हे बघ विजू, तिसरी खेप देतो. पुरी केली तर घोडी तुझ्याच हाताखाली ऱ्हाईल, माझा शब्द. न्हाई केली तर बंडेप्पा मागायलाय, त्याला देऊन टाकतो. नुसती उभी ठेवायला माझ्याकडं जागा न्हाई." अण्णांचा राग येत न्हाई मला. पण त्या दिवसापासनं जेवण गोड लागलं न्हाई, हे खरं.

आता नागम्माचं सांगते. नागम्मा म्हणजे अण्णांची आई, आम्ही सगळे तिला अव्वा म्हणतो. त्यांच्या घरात मैलारच्या मल्लण्णा देवाचं लई. मल्लण्णाचं वाहन घोडा, म्हणून अव्वा दर रविवारी हुमनाबादहून तबेल्यावर यायची, भंडाऱ्याची पुडी आन् गुळाचा खडा घेऊन. संगट पाच-सहा बायका. दारात ओळीनं उभ्या राहायच्या, हात जोडायच्या. मी घोडीला त्यांच्यासमोर आणून थांबवायची. घोडीनं मान खाली घातली की अव्वा कपाळाला भंडारा लावायची, गूळ द्यायची. पुढं पुढं मला लगाम ओढायचं कामच उरलं न्हाई. जोडलेले हात दिसले की जोंधळी आपली आपण थांबायची, मान खाली. आप्पासुद्धा खूश. "काय शहाणी घोडी आहे!" म्हणायचे. व्हय, लई शहाणी.

स्पर्धा यंदा बीदरला होती, गावाबाहेरच्या माळावर. सकाळची शिस्तीची परीक्षा बरी गेली. मधीच एका कावळ्याकडं मान वाकडी करून बघत बसली तेवढंच. दांड्यांमधी एकच दांडी पाडली. दुपार कलली तवा माळावर आमचा नंबर लागला. आप्पा नुसतं म्हणले, "पाण्याला घाई करू नको." त्यांचा चेहरा ओढलेला होता. तेबी दमलेत, पण कबूल करायचे न्हाईत.

जोंधळी निघाली ती सुसाट. पहिले ओंडके तिनं असे घेतले, की मी वर बसलेय हे तिच्या गावीबी नव्हतं. पुढं पाणी आलं. मी पाय आवळले, आन् तिनं कान टवकारून सरळ उडी घेतली! पाणी माझ्या तोंडावर उडालं आन् मी मोठ्यानं "गं माझी बाय!" म्हणलं. वाटलं, झालं आता, जिंकलं.

पुढचा अडथळा लिंबाच्या झाडापाशी होता. साधा आडवा ओंडका, पोराटोरांनी उडावा असा. पण त्या अख्ख्या माळावर सावली तेवढीच, म्हणून सगळी गर्दी तिथं दोरीला चिकटून. आन् ओंडक्याच्या बगलेला, दोरीला लागून, सगळ्यात पुढं कोण? आमची अव्वा. तिच्या संगट रविवारच्या सगळ्या बायका. सगळ्यांचे हात जोडलेले.

जोंधळी चारी पाय रोवून थांबली. मी तिच्या मानेवर जाऊन आदळले. तिनं सावकाश मान खाली घातली. गर्दीतनं आवाज उठला, "येळकोट! येळकोट!" लोकांना वाटलं घोडी देवाच्या पाया पडायलीय. अव्वाच्या डोळ्याला तर धार लागली होती.

छत्रीखाली बसलेल्या पंचानं हात वर केला. एक.

मी घोडी वळवली, लांबून पळवत आणली, टाच मारली. परत तेच. थांबली, मान खाली. दोन.

मला आता रडावं का ओरडावं कळंना. दोरीच्या कडेनं लांबून आप्पा पळत येताना दिसले आन् मधीच थांबले. बाहेरच्यानं मदत केली की बाद, हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? मुठी आवळून उभे राहिले बिचारे. आता अजून एकदा अडली की खेळ खलास. मी घोडी मागं घेता घेता जीव खाऊन ओरडले, "अव्वा, पाठ फिरवा! सगळ्यांनी पाठ फिरवा!"

"काय बोलायलीस?" अव्वा चिडलीच. "देवाच्या घोड्याकडं पाठ? कामून?"

"तुम्हाला बघून थांबायलीय ती! नुसते हात खाली करून भागायचं न्हाई, तिला तुमचं तोंड ओळखू येतंय. परत थांबली की गेली बंडेप्पाकडं!"

देवळातून निघताना जी बाई उंबऱ्यापर्यंत उलट्या पावली चालते, देवाला पाठ दाखवत न्हाई, तिला मी हे सांगत होते. माझ्याच जिभेला चटका बसल्यासारखं झालं. तिनं घोडीकडं एकदा बघितलं. मग हात सोडले, पदर डोक्यावरून पुढं ओढला आन् वळली. वळता वळता बाकीच्या बायकांवर कानडीतनं खेकसली, "तिरुगरी, एल्लारू तिरुगरी!" सगळी ओळ माळाकडं पाठ करून उभी राहिली. गर्दीनं पाठ फिरवली म्हणजे मदत केली, असं काही पंचानं धरलं न्हाई.

मी जोंधळीच्या मानेवर हात ठेवला. "चल बाई," म्हणलं, "माझ्यात आता दम न्हाई, तूच काय ते कर." तिनं ओळीकडं कान वळवले, मग पुढं केले, आन् ओंडक्यावरून गेली. अंगाला वारा लागला एवढंच मला आठवतंय.

बाकीची दौड कशी झाली ते विचारू नका. पुरी झाली. खालून पहिला नंबर आला आमचा, पण पुरी झाली. लिंगराज अण्णांनी दोनदोनदा विचारून खात्री केली, मग फोन काढून माझ्यासमोरच बंडेप्पाला सांगितलं, "घोडी देत न्हाई गा, दुसरी बघ." आप्पा घोडीचे पाय पाण्यानं धुवत बसले, धुतलेलेच परत धुवायले होते. मी लगाम धरून घोडी तिथनं काढली. न्हाईतर दोघंबी तिथंच बसलो असतो रडत.

घोडी थंड करायला मी तिला चालवत लिंबाकडं नेली. गर्दी पांगली होती, पंचाची खुर्चीबी उचलली होती. आन् अव्वा एकटीच, पदर पुढं ओढून, माळाकडं पाठ करून उभी. संगटच्या बायका कवाच चहाला गेल्या होत्या.

"अव्वा! संपलं की. अजून कामून उभ्या?"

"तू पाठ फिरवा म्हणलीस," ती मागं न बघता म्हणली. "परत फिरा कुठं म्हणलीस?"

लिंबाची सावली तिच्यावरनं सरकून गेली होती. उन्हात ती म्हातारी तेवढा वेळ उभी होती, आन् मी तिकडं पाणी पिऊन, तोंड धुऊन आले होते. मी तिच्या खांद्याला धरून वळवलं. तिचं तोंड लाल झालं होतं.

"ऱ्हायली का आपल्यात?"

"ऱ्हायली."

"बरं झालं." ती लिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसली. पाय लांब करत म्हणली, "विजू, तुमचं उडणं-बिडणं मी कधीच बघितलं न्हाई गं. आज तेवढ्यासाठीच आलते. पाठ केल्यावर नुसतं ऐकू आलं. टापांचा आवाज आला, मग मधीच काही आवाज न्हाई, मग परत टापा. ते मधलं काय असतंय?"

"ते मधलंच, अव्वा. तीच उडी."

"तेवढीच?"

"तेवढीच."

"मग सांग की कशी असती."

माझे डोळे मिटायले होते, घरला जाऊन आडवं व्हावं एवढंच मनात होतं. तरी मी तिच्याशेजारी मातीत बसले आन् पहिल्या ओंडक्यापासनं सांगायला लागले.