मशीनचं कुंकू

खंडेनवमीला मी शिलाई मशीनची यथासांग पूजा केली आणि दसरा उलटताच ते रुसून बसलं. सुई खालीवर व्हायची, पण कापड जागचं हलेना. टाक्यावर टाका, खाली दोऱ्याचा नुसता गुंता.

आणि शिवायचं काय, तर शेजारच्या लिडियाच्या नातीचा, रोवेनाचा, पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक. रविवारी चर्च. लिडिया म्हणाली होती, "विकतचा नको गं, तुझ्या हातचा हवा." मी शब्द देऊन बसलेले.

जूचंद्रहून केनी मेकॅनिक आला. तो मशीनचं डोकं उचलत असताना मी बजावलं, "पूजेचं आहे हं. कुंकवाला हात लावायचा नाही."

"नाय लावत, काकी."

बुधवारी शटल बदलून आणलं. कापड हलेना. गुरुवारी पट्टा बदलला. हलेना. शुक्रवारी म्हणतो, "काकी, मशीनचं वय झालं."

"वय माझंही झालंय. मी चालते ना?"

कीर्तनात बुवा सांगतात, राग आला की नाम घ्यावं. त्या चार दिवसांत मी इतकं नाम घेतलं की देवही म्हणाला असेल, बाई, जरा दम घे.

शनिवारी दुपारी केनीने पुन्हा मशीन आणून बसवलं. मी पाय मारला. हलेना! दारात रोवेना, मागे लिडिया. "आजी, बाही लागली?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"केन्या, तू उघडून बघतोस तरी काय?"

"सगळं खोललं, काकी. खालून, मागून. एवढी पट्टी सोडून."

सुईखालच्या पत्र्याकडे त्याने बोट दाखवलं, तेही वीतभर लांबून. त्यावर माझं हळदकुंकू, तेलात भिजून घट्ट बसलेलं.

"ती का सोडलीस?"

"तुम्हीच बोललात ना, हात लावायचा नाय? पट्टी काढायची तर कुंकू पुसायला लागतं. आमची मम्मी पन बोलली, लोकांच्या देवाचं पुसू नको."

देवाची माफी मागून मी पदरानेच पट्टी पुसली. केनीने दोन स्क्रू काढले. कापड पुढे ढकलणाऱ्या दातांमध्ये तांदळाचा एक लाल दाणा रुतलेला. मीच वाहिलेली अक्षता.

"चार दिवस, केन्या! एकदा विचारायचंस तरी!"

"तुम्ही बोलू देता काय?"

लिडिया भिंतीला टेकून हसत होती. मला हसू येत नव्हतं. देवळातलं कीर्तन सहाला, आणि दोन्ही बाह्या बाकी.

हात दोनदा साबणाने धुऊन मी बसले. पाय मारला, कापड सरसर पुढे गेलं. देवळातून टाळ ऐकू आले तेव्हा मी दुसरी बाही जोडत होते.

"लिडिया, फ्रॉक तू धर," शेवटचा दोरा तोडत मी म्हटलं. "माझ्या पदराला कुंकू आहे."