शिक्षेच्या तिपाईची तक्रार

मी एक जुनी तिपाई आहे, मित्रांनो. तीन पायांची, सागवानी, गुडघ्याहून थोडी उंच. पण ‘बिचारी’ म्हणून माझ्याकडे बघणार असाल तर आत्ताच पान उलटा. मला कुणाची दया नको. मला एक तक्रार करायची आहे आणि ती मी करणारच.

हिंदी मुलखातल्या कांचघर मोहल्ल्यातल्या बळीराम सुताराने मला पस्तीस वर्षांपूर्वी घडवलं. रंधा मारताना तो सारखा मराठीत बडबडायचा, म्हणून माझीही भाषा तीच. तिलवाऱ्याच्या रस्त्यावर मुलींची एक निवासी शाळा आहे. तिच्या मेसमधल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला मला आणलं. चार वर्षं मी ते काम इमानाने केलं. मग सेलवर चालणारं घड्याळ आलं. वाटलं, आता आराम. कसला आराम! तेव्हाच्या वॉर्डनबाईंनी जेवताना हसली म्हणून एका पोरीला माझ्यावर उभं केलं, आणि तीच रीत पडली.

रीत अशी की प्रीफेक्टने, म्हणजे बाकीच्यांवर नजर ठेवणाऱ्या थोरल्या मुलीने, संध्याकाळी चुकलेल्या मुलीचं नाव द्यायचं. त्या मुलीने चपला काढून माझ्यावर चढायचं आणि सगळ्यांचं जेवण आटपेपर्यंत उभं राहायचं. मग गार झालेलं ताट एकटीने जेवायचं. माफी मागितली तर सुटली, नाही मागितली तर उद्या पुन्हा. विचारपूस काही नाही. पाहुणे आले की मला पॉलिश व्हायचं आणि ते म्हणायचे, “वा, क्या अनुशासन है!” खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फुशारून जायचे. आज त्याची लाज वाटते.

या शाळेत वस्तूंवर नाव नसतं, पलंगाचा नंबर असतो. ताटावर, मगावर, रबरी चपलेवर, सगळीकडे लाल ऑइलपेंटने तोच नंबर. मुलगी प्रीफेक्ट झाली की ती दाराजवळच्या एक नंबरच्या पलंगावर जाते आणि तिचा जुना नंबर एखाद्या नव्या मुलीला मिळतो. यंदा सत्तावीस नंबर शकुला मिळाला. शकु सातवीतली, पांढुर्ण्याच्या संत्रेवाल्या शेतकऱ्याची लेक. किडकिडीत, पण आवाज खणखणीत.

जुलैतल्या एका बुधवारी मागच्या भिंतीपाशी चिखलात एक चप्पल सापडली. तिच्यावर सत्तावीस लिहिलं होतं. भिंत ओलांडणं म्हणजे इथला सगळ्यात मोठा गुन्हा. वॉर्डन विनता मॅडमनी ती चप्पल लांबूनच सगळ्यांना दाखवली आणि खणात टाकली. मग त्यांनी प्रीफेक्टकडे बघितलं. प्रीफेक्ट म्हणजे बारावीची यशश्री. तिने खाली मान घालून नाव दिलं, “सत्ताईस नंबर. शकु.”

विनता मॅडम एरवी हिंदीत बोलतात, रागावल्या की मराठीत. त्या दिवशी मराठीत बोलल्या. “चढ. आणि माफी माग.”

“मी गेलीच नाही, तर माफी काहून मागू?” शकु म्हणाली. “माह्या दोन्ही चपला माह्यापाशी आहेत.”

“दुसरा जोड असेल. नंबर काय आपोआप उमटला?”

शकु चढली. तिची इवलीशी पावलं माझ्या पाठीवर टेकली आणि मी हादरले. कारण ती चिखलाची चप्पल मीही बघितली होती. त्या चपलेत शकुचे दोन्ही पाय मावले असते! अहो, एकदा तिच्या पायात घालून तर बघा! मी आतल्या आत ओरडत होते. पण लाकडाचं कोण ऐकतं?

बुधवार गेला, गुरुवार गेला. पोरीने माफी मागितली नाही. मान ताठ. खाली साठ मुली वरण-भात कालवत होत्या आणि एकीची वर बघायची हिंमत नव्हती. शुक्रवारी मॅडमनी ती चप्पल टेबलावर आपटली. “आज शेवटचं विचारते. नाहीतर उद्या तुझ्या बाबांना बोलावते. सामान बांध आणि जा घरी, कायमची.”

शकुच्या घरातून पाचवीच्या पुढे शिकलेली ती पहिलीच होती. घरी गेली असती तर परत कोण पाठवणार होतं? पण आता चप्पल तिला जवळून दिसली.

“मॅडम, ते चप्पल द्या इकडे.”

“कशाला?”

“घालून पाहतो.”

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी चप्पल पुढे केली. शकुने माझ्यावर उभ्या उभ्या ती पायात सरकवली आणि पाय उचलला. चप्पल थपकन खाली पडली.

“गेल्या वर्षी सत्तावीस कोण होतं?” मॅडमनी विचारलं.

दाराजवळ यशश्री उभी राहिली. “मी, मॅडम. चप्पल माझी आहे.”

मॅडम लालबुंद झाल्या. “शकु, उतर. यशश्री, तू चढ!”

आणि मित्रांनो, शकु उतरली नाही. जीव गेला तरी विसरणार नाही मी तो क्षण.

“नाही उतरत,” ती म्हणाली. “आधी विचारा तिले, काहून गेली होती ते. मले कोणीच नाही विचारलं.”

“तू मला शिकवणार?”

“हो,” शकु म्हणाली. आवाज रडका होता, पण हो म्हणाली.

शेवटी विनता मॅडम यशश्रीकडे वळल्या. “का गेली होतीस?”

“मंगळवारी नागपूरला बाबांचं हार्टचं ऑपरेशन होतं,” यशश्री म्हणाली. “फोन फक्त रविवारी मिळतो. रस्त्यावरच्या मेडिकलवाल्या भैयांच्या फोनवरून विचारलं. ठीक आहेत ते.” तिने गणवेशावरचा प्रीफेक्टचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

मॅडम खुर्चीत बसल्या. शिक्षेच्या एकतीस वर्षांत माझ्यापाशी कुणी ‘का’ विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

तेव्हा कुठे शकु उतरली. थेट यशश्रीसमोर जाऊन उभी राहिली. “दीदी, तुम्ही दोन दिवस माह्यासमोर बसून जेवल्या.”

“हो,” यशश्री म्हणाली. “घास उतरत नव्हता. पण जेवले.” आणि ती रडायला लागली. शकुने तिला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. केलंच पाहिजे असंही नाही.

शकु शाळेत राहिली. फोनचे दिवस वाढले. मला मात्र मॅडमनी कोठीत टाकलं. म्हणाल्या, “राहू दे, पुन्हा लागेल.”

पुन्हा लागेल! ऐकलंत?

जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, पुसा, दुरुस्त करा. मी तसलं काही मागणार नाही. माझा एक पाय डुगडुगायला लागलाय. कुणी खिळा घेऊन आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. जपायचंच असेल तर समोर उभ्या असलेल्या माणसाला जपा. त्याला आधी विचारा, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. एवढं ऐकून झाल्यावरही कुणाला वर चढवावंसं वाटलं, तर खुशाल या माझ्याकडे. मी मोडून पडेन, पण आता कुणाला उभं राहू देणार नाही.